शकूची चोरओटी, शकूची झोप

कल्याण, पारनाका
पौष वद्य तृतीया, शके १८१५

तीर्थस्वरूप सौ. लक्ष्मीवहिनींच्या पायांशी गोदावरीचा नमस्कार. या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत, दादाचा खोकला उतरला की अजून सकाळी शेजाऱ्यांना उठवतो, आणि मागीलदारची गाय व्याली का, हे सगळं कळवावं. आम्ही इकडे सर्व हातीपायी नीट आहोत. (तुम्हांला अक्षर येत नाही, तेव्हा हे पत्र दादाच मोठ्याने वाचून दाखवणार हे मी धरून चालले आहे. दादा, कंसातलंही वाचायचं. लहानपणी आबांना पोथी वाचून दाखवताना तू अवघड ओव्या गाळायचास, ते आबांना कळत नसे, मला कळत असे. वहिनी, तो मध्येच थांबला तर समजा की काही गाळतो आहे, आणि त्याला मागे न्या.)

आज पहाटेपासून आबांचं एक वाक्य मनात घोळतं आहे. मी सात-आठ वर्षांची असेन. गोवर नुकताच उतरला होता, अंगात त्राण नव्हतं, आणि एक दिवस ऊन ओटीवर येईपर्यंत मला जाग आली नाही. आबा फुलांची परडी घेऊन आत आले, माझ्या अंथरुणापाशी थांबले आणि म्हणाले, "उजाडल्यावर निजलेली मुलगी म्हणजे घरात निजलेलं दारिद्र्य." आवाज चढवला नाही, रागावले नाहीत, एवढं बोलून देवघरात गेले. (दादा तेव्हा शेजारच्याच अंथरुणात घोरत होता. त्याच्या निजण्याला आबांनी काही नाव दिलं नाही.) त्या दिवसापासून आज चव्वेचाळीस वर्षांची होईतो मी चारच्या पुढे निजलेली नाही. आजारपणात निजले तीही अपराध्यासारखी, डोळे मिटून जागी. तेच वाक्य दादाने तुम्हांला लग्नानंतर ऐकवलं, हे तुम्हीच मला एकदा वाल सोलताना सांगितलं होतंत. आणि मी ते तुमच्या सुनेला, शकूला ऐकवलं. आपल्या घराण्यात दागिने फारसे नाहीत. हे वाक्य तेवढं एकीच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात जात असतं.

आता मुख्य गोष्ट, कारण ती शेवटी ठेवली तर तुम्ही मधलं काही ऐकणार नाही. शकूला दिवस राहिलेले नाहीत. राहून गेले असंही नाही. राहिलेच नव्हते. (दादा, चष्मा पुसू नकोस. वहिनींना पाणी दे आणि पुढे वाच.) तुम्ही तलावपाळीच्या सगळ्या घरांत साखर वाटलीत हे दादाच्या कार्डावरून कळलं. तिसरा महिना सरेपर्यंत ही बातमी उंबऱ्याबाहेर काढू नये, असा नेम मला तुम्हीच शिकवला होता. तो दुसऱ्यांच्या नातवंडांपुरता असावा. पण दोष तुमचा नाही. बातमीचं कार्ड आमच्याच घरून गेलं. सासूबाईंनी सांगितलं, इकडून लिहून देणं झालं, आणि उघडं कार्ड म्हणून पोस्टातल्या धोंडीबाने ते वाचून आमच्या आळीला तुमच्याही आधी कळवलं. म्हणून या खेपेस पाकीट.

दादा रविवारी येऊन शकूला घेऊन जाणार, असं त्याने लिहिलं आहे, आणि पुस्तकं इथेच राहू देत असंही. बातमी खोटी निघाली तरी तो येणारच हे मी ओळखते, फक्त कारण बदलेल. आधी बाळासाठी पुस्तकं मिटायची होती, आता पुस्तकांनी बाळ खाल्लं म्हणून मिटायची. वहिनी, सून तुमची आहे, मी फक्त वर्षभर सांभाळली. श्रीपादने हट्ट धरला की बायको शिकली पाहिजे, आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, म्हणून तुम्ही तिला माझ्याकडे पाठवलंत. तिची परीक्षा फाल्गुनात आहे. पास झाली तर पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जागा, आणि श्रीपाद पुण्यालाच शिकतो, म्हणजे लग्नाला पाच वर्षं होऊन नवराबायको पहिल्यांदा एका गावात असतील. रविवारी ती ठाण्याला गेली की हे सगळं संपलं. म्हणून लाज बाजूला ठेवून, जे बायका चुलीपाशीसुद्धा डोळ्यांनीच बोलतात ते शाईने लिहिते आहे.

शकू कशी राहत होती ते ऐका. पहाटे चारला मी तिला उठवत असे. दळण, पाणी, सडा, मग सासूबाईंची पूजेची तयारी. सकाळचं जेवण आवरलं की माझ्याबरोबर शाळेत, कारण लहान मुलींना मुळाक्षरं घटवून घ्यायला मला मदत लागते. परत आल्यावर रात्रीचा स्वयंपाक, आणि सगळे निजले की हिचं भूमिती आणि व्याकरण. दिवा मालवायला सांगणारं कोणी नव्हतं. सांगायला हवं होतं ती मी, आणि मला तर त्या दिव्याचा अभिमान वाटत असे. भरीला दर आठवड्याला श्रीपादचं पत्र, त्यात प्रेमाच्या चार ओळी आणि उपदेशाची दोन पानं: तू नापास झालीस तर मित्रमंडळीत मला मान वर करता येणार नाही. (श्रीपाद स्वतः आपल्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसतो आहे. ही गोष्ट दादाला ठाऊक नसली तर आता झाली.) पोरगी भाकरी थापताना तोंडाने त्रैराशिक करायची. एकदा आमटीत मीठ किती घातलं विचारलं तर म्हणाली, वजा करून सांगते.

महिन्याचे तीन दिवस तेवढे तिचे. पडवीतल्या खोलीत बाजूला बसायची, कोणाला शिवायचं नाही, कोणत्या कामाला हात लावायचा नाही, आणि मुख्य म्हणजे चारला उठवायला कोणी जायचं नाही, कारण उठवून उपयोग काय. त्या तीन दिवसांत ती अशी निजायची की सासूबाई दारातून हाक मारून जिवंत आहे ना याची खात्री करून घेत. आपल्या बायकांना विश्रांती म्हणून कोणी देत नाही, विटाळ म्हणून देतात, तरी घ्यावी. पण कार्तिकात ते तीन दिवस आलेच नाहीत. मार्गशीर्षातही नाहीत. म्हणजे झोप नाही म्हणून ते थांबले, आणि ते थांबले म्हणून उरलीसुरली झोपही गेली. ही चाकाची गोष्ट मला आज कळते आहे. तेव्हा मला वाटलं की मुलीला देवानेच अभ्यासाला सवड दिली. (हे वाक्य खोडणार नाही.)

सासूबाईंना स्वतःची चतुर्थी एखादे वेळी विसरायला होते, पण घरातल्या बायकांच्या तिथ्या त्या विसरत नाहीत. मार्गशीर्षाच्या वद्य एकादशीला त्यांनी उपासाची रताळी किसता किसता बोटं मोजली, दिवाळीला श्रीपाद आठ दिवस येऊन गेला होता हे आठवलं, किसणी खाली ठेवली आणि देवापुढे साखर ठेवली. शकूला कोणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं, पण खरं सांगते वहिनी, माझेच डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनी कोणी चौकशी करत नाही.

त्या दिवसापासून शकूचं राज्य सुरू झालं. पहाटेचं उठणं बंद, दळण माझ्याकडे, पाणी गड्याकडे. सकाळी बदाम घालून दूध, दुपारी डोळा लागला तर सासूबाई स्वतः दाराशी बसून कावळे हाकलत. रात्री दिवा लावायला बंदी, कारण दिव्याकडे पाहून मूल तिरळं निपजतं. शकू निजली. पहिले चार दिवस ती फक्त निजत होती, मध्ये उठून जेवत होती. सासूबाईंनी विचारलं, डोहाळे कसले लागलेत, चिंच की आवळा, तर म्हणाली, "आजी, झोपेचे." सासूबाईंनी यावर दोन दिवस विचार केला आणि असा निवाडा दिला की झोपेचे डोहाळे म्हणजे मुलगाच, आणि तो मोठा अधिकारी होणार. (दादा, तुला इथे हसू येणार नाही. वहिनींना येईल, त्यांना हसू दे.) पंधरा दिवसांत पोरीच्या गालांवर रंग आला, केस विंचरताना गळायचे थांबले, आणि दिवसा उजेडी, दोनच तास पुस्तक घेऊन बसली तर जे महिनाभर डोक्यात शिरत नव्हतं ते शिरलं. मी म्हटलं, बाळाचा पायगुण.

तिसऱ्या महिन्यातली चोरओटी पौषात करावी का यावर वाद झाला. पौष वाईट, माघापर्यंत थांबावं असं मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या की चोरून भरायची ओटी, ती पौषाला कोण सांगायला जातं. पौर्णिमेला शेजारच्या दोन सवाष्णी आल्या. पाट मांडला, रांगोळी घातली, हिरवा खण, तांदूळ, हळकुंडं, नारळ, सगळं ताटात. शकू पाटावर बसली. पहिल्या बाईने कुंकू लावलं. सासूबाई नारळ घेऊन वाकल्या, आणि शकू एकदम ताठ झाली. माझ्याकडे पाहिलं. मी कान जवळ नेला. तिने सांगितलं. मी तिच्याकडे पाहिलं, सासूबाईंनी माझ्याकडे, सवाष्णींनी सासूबाईंकडे, आणि नारळ तसाच अधांतरी. मग शकू पाटावरून उठून कोणालाही न शिवता पडवीकडे गेली, आणि आम्हां सगळ्यांना कळलं की आता प्रत्येकीने डोक्यावरून आंघोळ करायची आहे. पौषातली थंडी, विहिरीचं पाणी, आणि चार बायका एका रांगेत. धाकट्या सवाष्णीचे दात वाजत होते. ती म्हणाली, ओटी कशी झाली म्हणून घरी विचारतील तर काय सांगू. थोरली म्हणाली, भरली म्हणून सांग, पाण्याने.

आंघोळ झाल्यावर सासूबाई मात्र जमिनीवर बसल्या आणि 'गेलं गं माझं' म्हणून रडल्या. मी आत जाऊन पडवीच्या दारात उभी राहिले. शकू घोंगडीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. विचारलं, तुला ठाऊक होतं का गं? तिने खाली बघूनच सांगितलं, "आत्याबाई, देवाशपथ ठाऊक नव्हतं. मला वाटलं, असेलही. आणि नसलं तरी निजायला मिळत होतं." मग म्हणाली, आता मला परत चारला उठावं लागेल ना. वहिनी, ती मूल गेल्याचं रडत नव्हती. पहाट परत आल्याचं रडत होती.

दुसऱ्या दिवशी देवानेच बाळकुमच्या ख्रिस्ती सुईणीला, सुझानाला पाठवलं. रेल्वेतल्या कोणा साहेबाच्या घरी बाळंतपण होतं म्हणून ती कल्याणला आली होती. (तीच सुझाना, जिने श्रीपादच्या वेळी तुम्हांला दोन दिवसांच्या कळांतून सोडवलं, आणि जिच्या हातावर दादाने लांबून दक्षिणा टाकली.) मी तिला मागच्या दाराने आत घेतलं. तिने शकूला पाहिलं, पोट चाचपलं, झोपेचं, जेवणाचं, दिव्याचं विचारलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाय, पोरीच्या पोटात काय नव्हतं, नि काय गेलं पण नाय. पोरीला झोप नव्हती, नि जिवाला घोर. झोपली, तशी आली." सासूबाईंचा विश्वास बसेना. तेव्हा सुझानाने त्यांना कोंबडीचं उदाहरण दिलं. कोंबडीच्या खुराड्यात रात्रभर कंदील ठेवा, दर घटकेला भुंकणारा कुत्रा सोडा, आणि मग अंडं का देत नाही म्हणून विचारा. आपल्या माजघरात कोंबडी हा शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, गोमूत्र शिंपडलं, आणि जेवताना हळूच मला विचारलं, ती कुत्र्याचं काय म्हणाली? (दादा, तूही आता कोंबडी म्हटलंस. गोमूत्र फडताळात असेल.)

तेव्हापासून मला शाळेचं हजेरीपुस्तक डोळ्यांसमोर दिसतं आहे. माझ्या वरच्या वर्गात चार मोठ्या मुली आहेत. दर महिन्याला तीन-तीन दिवस त्यांच्या नावापुढे शून्य पडतं, ते का हे शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीसाहेबांना सोडून सर्वांना कळतं. गेल्या वर्षी परीक्षेआधीचे दोन महिने तिघींच्या नावांपुढे एकही शून्य नाही, आणि चौथीची शून्यं भलत्याच तारखांना, एका महिन्यात दोनदा. मी काय करावं? मी त्या तिघींना अखंड हजेरीचं बक्षीस दिलं. प्रत्येकीला नवी पाटी. डिपोटीसाहेबांनी भाषणात सांगितलं की अशी विद्येची गोडी आपण इलाख्यात पाहिली नाही. पोरी पाट्या घेऊन उभ्या होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि मी टाळ्या वाजवल्या. चौथीला मात्र मी चार शब्द सुनावले होते.

आता एक गोष्ट, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. तुम्हांला थोडी ठाऊक आहे. मी वीस वर्षांची होते, इकडून मला शिकवणं चाललं होतं, घरात लपून, पहाटे तीनला उठून, आणि धाक असा की कोणाला कळलं तर उद्या पाटी-पुस्तक चुलीत जाईल. तीन महिने माझेही गेले. सासूबाईंनी माझीही चोरओटी भरली, खण याच रंगाचा. मग एक दिवस आलं, आणि सगळे म्हणाले, गेलं. तुम्ही ठाण्याहून आला होतात, माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होतात. त्यानंतर मला काही झालं नाही. तो खण माझ्या पेटीत तळाशी आहे. दरवर्षी चैत्रात मी मनाशी त्याचं वय म्हणते. या चैत्रात तेविसावं लागलं असतं. लोकांच्या त्या वयाच्या मुलाकडे पाहून मी उंची ठरवते. पुस्तकांनी ते खाल्लं असं मला वाटत आलं, आणि तरी मी पुस्तक सोडलं नाही, म्हणून त्याचा दोषही मीच उचलला. आता सुझाना म्हणते तसं असेल, तर तिथे कोणी नव्हतंच. फक्त एक न झोपलेली मुलगी होती. मी तिला माझं सांगून विचारलं, खरं काय असेल? ती म्हणाली, "बाय, मी तवा नव्हते. खोटं कशाला सांगू." मला हलकं वाटावं की रितं वाटावं हे अजून ठरत नाही. पण शकूने तेवीस वर्षं असं काही मोजत बसू नये, एवढं ठरलं आहे.

बाकी क्षेम. आज चौथा दिवस, शकूचं डोक्यावरून पाणी झालं. सासूबाईंनी आज पहाटे पाण्याच्या गड्याला दारातूनच खूण करून परत पाठवलं, घागरी वाजतील म्हणून. कारण विचारलं तर म्हणाल्या, मी काही कोंबडीचं ऐकत नाही, मला आपली थंडी वाटते. इकडून दादास नमस्कार. माझे दोघांना साष्टांग दंडवत. लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यावरही राहावा.

तुमची,
गोदावरी

ता. क. वाटलेल्या साखरेबद्दल लोक विचारतील. सांगावं की सून परीक्षेला बसते आहे, त्याची साखर होती. दोन्ही बातम्यांना तोंड गोडच करतात.

दुसरा ता. क. वहिनी, एक विचारते. तुम्ही उजाडेपर्यंत शेवटच्या कधी निजला होतात? बाळंतपणं सोडून. (दादा, इथे थांब. वाचू नकोस. त्या काय सांगतात ते ऐक, मग पुढचं वाच.)

तिसरा ता. क. हा दादासाठी. धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला असलं काही लिहू नये, म्हणून मी वहिनींना लिहिलं. पण विटाळ, चोरओटी, झोप, सगळं तूच वाचलंस, तुझ्याच आवाजात तुझ्याच माजघरात बोलून झालं. आता न बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा मागते. रविवारी येऊ नकोस. फाल्गुनापर्यंत शकूला इथे राहू दे. आणि नातवासाठी तिला जी झोप नऊ महिने बिनबोभाट दिली असतीस, तीच झोप, ऊन ओटीवर येईपर्यंतची, तिची म्हणून दे. पुढे ठाण्याला येईल तेव्हाही. पोटात कोणी असो वा नसो. यात मागण्यासारखं काही फार नाही, म्हणूनच तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. म्हण. फक्त ते 'नाही' पाकिटात घालण्यापूर्वी वहिनींना मोठ्याने वाचून दाखव.